मराठवाड्यात जुनी डिझेल पिकअप घेताना: आधी कागद, मग चेसिस, मग इंजिन

जुनी डिझेल पिकअप घ्यायचा विचार बोलून दाखवला की पहिला सल्ला इंजिनाविषयी मिळतो: आवाज ऐका, धूर पाहा, ऑईल पाहा. सल्ला बरोबर आहे, पण त्याची वेळ बरीच नंतर येते. छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड येथेच नव्हे, तर मोठ्या तालुक्याच्या गावीही लायनर-पिस्टन बदलणारे, क्रँक घासून देणारे आणि पंप-नोझलचे काम करणारे कसबी मिस्त्री आजही आहेत, आणि पैसे मोजले की थकलेले इंजिन पुन्हा उभे राहते. मयत मालकाच्या नावावर राहिलेले आरसी बुक, बंद पडलेल्या पतसंस्थेचा बोजा (आरसीवरची कर्जाची नोंद) किंवा न जुळणारा चेसिस नंबर (गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक) यांवर असा झटपट इलाज नसतो. मी स्वतः जुनी टाटा २०७ घेतली तेव्हा गाडी शोधण्यापेक्षा कागद सरळ करण्यातच अधिक काळ गेला. म्हणून पुढचा क्रम कागद, मग चेसिस, मग इंजिन असा ठेवला आहे आणि नवख्या माणसाने तो बदलू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

१. गाडी राबवायची की जपायची, हे आधी ठरवा

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज मोटार वाहन म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि व्यावसायिक वापरात नसलेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन. अशा वाहनाला नंबरात 'व्हीए' ही अक्षरे असलेली वेगळी नोंदणी मिळते, तिचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि मुदत १० वर्षांची आहे. मात्र ती गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. तिच्यातून सोयाबीनची पोती मोंढ्यावर न्यायची असतील तर ही नोंदणी तुमच्या कामाची नाही.

आपल्याकडे जुनी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक पिकअप २० ते ३५ वर्षांच्या असतात आणि त्यांना वाहनांचे नेहमीचेच नियम लागू होतात. मालवाहू म्हणून नोंदलेल्या आणि आठ वर्षांहून जुन्या गाडीचे योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतले पासिंग, दरवर्षी करावे लागते. खासगी नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते आणि त्यानंतर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांपुढील वाहनांची शुल्के मोठ्या प्रमाणात वाढली आणि त्यानंतरही ती वाढत गेली आहेत, त्यामुळे कोणाच्या तोंडी आकड्यावर न जाता परिवहन पोर्टलवर त्या दिवशीचा दर पाहूनच हिशेब मांडावा. शिवाय महाराष्ट्रात मालवाहू वाहनांना आठ वर्षांनंतर आणि खासगी वाहनांना १५ वर्षांनंतर पर्यावरण कर भरावा लागतो.

दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढील डिझेल वाहनांवर बंदी आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात दाखवल्या जातात. ती बंदी मराठवाड्याला लागू नाही हे खरे, पण ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा कर आणि नवी नोंदणी यांचा खर्च धरला की ती स्वस्ताई फारशी उरत नाही.

२. आपल्या कामाला कोणती गाडी बसते ते पाहा

टाटामोबाइल ही पिकअप १९८८ मध्ये आली. तिच्यातले १९४८ सीसीचे इंजिन पुढे सुमोतही बसवले गेले, त्यामुळे त्याचे सुटे भाग मिळण्याची आणि ते ओळखणारा मिस्त्री भेटण्याची शक्यता चांगली असते. नंतरच्या २०७ डीआयमध्ये २९५६ सीसीचे थेट इंजेक्शनचे इंजिन आहे. ते आवाज अधिक करते, पण ओझे ओढण्यात वरचढ आहे, आणि शेतीमालाच्या कामासाठी माझी पसंती त्यालाच राहील.

महिंद्राच्या जीप-धाटणीच्या गाड्यांत दोन घराणी दिसतात. एक प्युजोचे २११२ सीसीचे, इगतपुरीच्या कारखान्यात तयार झालेले एक्सडीपी ४.९० हे इंजिन. यातील आकड्यांचा अर्थ चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटर बोअर असा आहे. दुसरे २५२३ सीसीचे डीआय इंजिन. प्युजो इंजिन मऊ चालते, पण त्याचे अस्सल भाग आता शोधावे लागतात. डीआय इंजिन खडबडीत असले तरी त्याचे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात. टेम्पो ट्रॅक्सच्या जातीच्या गाड्यांतले इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ या जुन्या इंजिनाच्या वंशातले आहे. त्या कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले, म्हणून जुन्या आरसीवर बजाज टेम्पो असे नाव दिसल्यास घाबरू नये.

टाटा ४०७ ही १९८६ पासूनची गाडी पिकअपच्या वरच्या गटात मोडते. एकूण भारवजन (गाडी आणि माल मिळून) ३,००० किलोपेक्षा जास्त असलेल्या मालवाहू वाहनाला मालवाहतुकीचा परवाना (परमिट) लागतो आणि त्या मर्यादेच्या आत असलेल्याला तो लागत नाही. हा आकडा गाडीच्या नावावरून न ठरवता आरसीवर वाचावा. वाहन चालवण्याच्या परवान्याची चिंता मात्र मिटली आहे: हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

३. गाडी पाहायला जाण्याआधी तिचे कागद वाचा

विकणाऱ्याला फोनवर पहिली विनंती आरसीच्या दोन्ही बाजूंच्या फोटोची करा. फोटो देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्या गावापर्यंत जाऊ नका. फोटो मिळाला की एम-परिवहन ॲपवर किंवा परिवहन पोर्टलवर नंबर टाकून मालकाचे नाव, नोंदणीची तारीख, पासिंगची व विम्याची मुदत आणि बोज्याची नोंद ताडून पाहा. ई-चलानाची थकबाकी वाहतूक पोलिसांच्या ॲपवर दिसते. गाडी चोरीची तर नाही, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर तपासता येते.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत नंबर टाकल्यावर काहीच माहिती न येणे हा प्रकार नेहमीचा आहे. त्याचा अर्थ गाडी बनावट आहे असा लगेच काढू नये. हाताने लिहिलेल्या नोंदवह्यांतली माहिती संगणकावर चढली नसेल तर असे होते, आणि मूळ कार्यालयात अर्ज करून बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. १९८९ च्या मध्यापूर्वीच्या, म्हणजे 'एमएच' मालिका सुरू होण्याआधीच्या गाड्यांत ही अडचण विशेष दिसते. हे काम विकणाऱ्याचे आहे आणि ते सौद्याआधी पूर्ण झाले पाहिजे. "तुमच्या नावावर करताना होऊन जाईल" हे उत्तर मान्य करू नका, कारण नोंदच ऑनलाइन नसेल तर नाव बदलण्याचा अर्ज पुढे सरकत नाही.

नंबरावरून मूळ कार्यालय कळते: एमएच २० छत्रपती संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड, ३८ हिंगोली, ४४ अंबाजोगाई आणि ५५ उदगीर. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर अर्ज कोणत्या कार्यालयाकडे द्यायचा आणि तपासणीसाठी ती कुठे उभी करायची, हे विसार देण्याआधी विचारून घ्या. उमरगा, उदगीर, देगलूर या सीमेवरच्या भागांत बीदरच्या केए ३८ आणि कलबुर्गीच्या केए ३२ क्रमांकाच्या गाड्याही विक्रीला येतात. अशा गाडीसाठी तिकडच्या कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र हाती असल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नयेत. दुसऱ्या राज्याच्या नंबरावर १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ इथे गाडी ठेवता येत नाही, आणि इथला कर वेगळा भरावा लागतो.

आता बोज्याविषयी, कारण आपल्या भागात सर्वाधिक व्यवहार इथेच अडकलेले मी पाहिले आहेत. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर अनेक पिकअप नागरी बँका व पतसंस्थांच्या कर्जावर घेतल्या गेल्या. कर्ज फिटले, पण आरसीवरची नोंद उतरवायची राहून गेली, आणि दरम्यान संस्थाच अवसायनात निघाली. माझ्या गाडीवरही अशाच एका बंद संस्थेचा बोजा होता. जुन्या मालकाकडे कर्ज फिटल्याची पावती होती, तरी परिवहन कार्यालय तेवढ्यावर नोंद उतरवत नाही. त्यासाठी संस्थेचे बेबाकी पत्र (काही देणे उरले नसल्याचे) आणि नमुना ३५ वर तिची सही-शिक्का लागतो. संस्था बंद असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात तिचा अवसायक (बंद संस्थेचा कारभार मिटवणारा अधिकारी) कोण आहे हे विचारावे आणि त्याच्याकडून पत्र घ्यावे. अवसायक अनेक संस्थांचे काम एकाच वेळी पाहत असतो आणि जुने दप्तर कपाटातून काढून खाते शोधावे लागते, त्यामुळे याला वेळ लागतो. हेलपाटे विकणाऱ्याने घालावेत. तुम्ही फक्त पत्र हाती येईपर्यंत पैसे देऊ नयेत.

मालक वारलेला असेल आणि मुलगा गाडी विकत असेल तर त्या मुलाला ती विकण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. आधी मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रे आणि इतर वारसांची संमती जोडून नमुना ३१ वर गाडी एका वारसाच्या नावावर करावी लागते आणि त्यानंतरच ती तुमच्या नावावर येते. मयताच्या सहीचे कोरे टीटी फॉर्म (मालकी बदलण्याचे अर्ज) जपून ठेवलेले असतात आणि ते दाखवून "सगळे तयार आहे" असे सांगितले जाते. त्या फॉर्मच्या आधारे केलेला व्यवहार म्हणजे खोटा दस्त वापरणे होय. दुसऱ्या वारसाने तक्रार केली तर गाडी आणि पैसे दोन्ही जातात.

सरकारी गाड्यांचा स्वतंत्र इशारा द्यायला हवा. जिल्हा परिषद, पाटबंधारे किंवा महामंडळांच्या जुन्या डिझेल गाड्या एके काळी लिलावात निघत आणि लोक त्या हौसेने घेत. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या १५ वर्षांपुढील वाहनांची नोंदणी वाढवून मिळत नाही, त्या गाड्या भंगारात काढायच्या असतात. त्यापूर्वीच खासगी नावावर झालेली गाडी चालते, पण आरसीवर आजही खात्याचेच नाव असेल तर तिच्याकडे वळू नका.

४. चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा

हे काम दलालावर किंवा मिस्त्रीवर सोपवू नये. सोबत रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेला फडका, तारेचा मऊ ब्रश, टॉर्च, पांढरा पातळ कागद आणि मऊ पेन्सिल घ्या. बहुतेक पिकअपमध्ये नंबर उजव्या बाजूच्या लांब चॅनलवर, पुढच्या चाकाच्या आसपास ठोकलेला असतो. तिथे काळी माती, ग्रीस आणि जुना रंग यांचा जाड थर असतो. फडक्याने तो आधी ओला करून थोडा वेळ तसाच ठेवावा आणि मग हलक्या हाताने पुसावा, खरवडून काढू नये, कारण गंजलेल्या पत्र्यावर अक्षरांच्या कडा तेवढ्यानेही जातात. नंबर उघडा झाला की टॉर्च समोरून न धरता बाजूने तिरपी धरा, म्हणजे प्रत्येक अक्षराची सावली पडते आणि तीन व आठ यांतला फरक दिसतो. कागद वर ठेवून पेन्सिल आडवी फिरवून ठसा घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर ताडा.

सगळी अक्षरे एका ओळीत, एका उंचीची आणि सारख्या खोलीची असली पाहिजेत. आजूबाजूचा पत्रा घासल्यासारखा गुळगुळीत असेल, तिथे वेल्डिंगची कड दिसत असेल किंवा तेवढ्याच भागावर नवा रंग असेल, तर गाडी कितीही आवडली तरी परत फिरा. नंबर गंजाने खरोखरच अस्पष्ट झाला असेल तर परिवहन कार्यालयाच्या परवानगीने तो पुन्हा ठोकून घेता येतो, पण तेही विकणाऱ्याने आपल्या नावावर असताना करून द्यायचे काम आहे.

इंजिन नंबरही असाच ताडा. आपल्याकडे प्युजो इंजिन काढून डीआय बसवलेल्या, क्वचित ट्रॅक्टरचे इंजिन बसवलेल्या गाड्या सर्रास भेटतात. त्या चालतातही चांगल्या. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार अशा बदलाची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. नोंद नसेल तर पासिंगच्या वेळी गाडी परत पाठवली जाते, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळते.

५. चेसिस आणि हौदा यांवरून गाडीचे पूर्वायुष्य ओळखा

गाडीने आयुष्यभर काय वाहिले, हे मालकाला विचारा आणि मग हौद्याखाली शिरून स्वतः पाहा. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या असंख्य पिकअपवर पाण्याच्या टाक्या चढल्या. सतत सांडणाऱ्या पाण्याने हौद्याचा तळ आणि त्याखालचे आडवे चॅनल आतून सडले, वरून मात्र नवी चेकर्ड प्लेट बसवून ते झाकले गेले. रासायनिक खत वाहिलेल्या गाडीत गंज कोपऱ्यांत आणि फाळक्याच्या बिजागऱ्यांपाशी जास्त असतो. विटा आणि वाळू वाहिलेल्या गाडीत गंज कमी, पण चेसिस वाकलेली असते.

सपाट जागी गाडी उभी करून मागून पाहा. एक बाजू खाली बसली असेल तर पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) थकले आहेत किंवा मेन पाटा तुटला आहे. पाटे बदलता येतात. पाटे ज्या ब्रॅकेटवर टांगलेले असतात, त्याच्या आसपास चॅनलला बारीक चीर असेल किंवा पट्टी मारून वेल्डिंग केले असेल, तर ते चेसिसचे दुखणे आहे आणि त्यावर पुढेही खर्च होत राहतो. काळ्या रानात चाललेल्या गाडीत चेसिसच्या खोबणीत माती घट्ट बसून ओल धरते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चॅनल ठोकत जा: शाबूत लोखंडाचा आवाज टणक येतो, सडलेल्या भागाचा बद्द येतो.

केबिनच्या पत्र्यासाठी एक साधा चुंबक पुरेसा आहे. दाराच्या खालच्या कडेला, चाकाच्या कमानीला आणि काचेच्या चौकटीखाली तो चिकटत नसेल तर तिथे पत्रा उरलेला नसून लांबी (पुटी) भरलेली आहे. ताज्या रंगाची गाडी पाहून खूश होण्यापेक्षा रंग उडालेली पण पत्रा शाबूत असलेली गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

६. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहा

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की तुम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नये, आणि पोहोचताच बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर चहा घ्या, थांबा, किंवा दुसऱ्या दिवशी या. जुन्या डिझेलचा खरा कस थंड सुरुवातीतच लागतो. प्युजो, जुने टाटा १९४८ सीसी आणि ट्रॅक्सचे इंजिन यांना हीटर प्लग असतात. ते तापू देऊन सेल्फ मारल्यावर इंजिन लगेच उचलले पाहिजे. थेट इंजेक्शनच्या इंजिनांना सहसा त्यांची गरज नसते. उताराला उभी करून ठेवलेली गाडी दिसली तर आधी ती सपाटीवर आणायला सांगा, कारण बॅटरी, सेल्फ किंवा कम्प्रेशन यांपैकी काहीतरी गेलेले असू शकते.

सुरू करण्याआधी रेडिएटरचे झाकण उघडून पाणी पाहा. त्यावर तेलाचा तवंग असेल, किंवा सुरू केल्यावर सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट गेली आहे किंवा हेडला चीर आहे. आपल्या बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात, म्हणून झाकणाखाली पांढरा खडा दिसणे इकडे नवल नाही, पण तो जाड असेल तर रेडिएटर उघडून साफ करण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. ऑईलची पट्टी ओढून पाहा. ऑईल पातळ होऊन पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंप किंवा मुख्य पंपाच्या सीलमधून डिझेल खाली उतरत आहे. असे इंजिन चालवत ठेवले तर बेअरिंग जातात.

सुरुवातीला थोडा पांढरा धूर येऊन तो विरळ झाला तर हरकत नाही. निळा धूर सतत येत असेल तर इंजिन ऑईल खात आहे. वेग वाढवल्यावर दाट काळा धूर येत असेल तर पंप जास्त सोडलेला आहे, नोझल गळत आहेत किंवा हवेचा फिल्टर तुंबला आहे, आणि ही तिन्ही कामे तुलनेने सोपी आहेत. खरी चाचणी ऑईल भरायच्या झाकणापाशी होते: इंजिन चालू असताना ते सैल करून नुसते वर ठेवा. ते उडून पडत असेल आणि खालून धापा टाकल्यासारखा धूर येत असेल, तर रिंगा व लायनर संपले आहेत आणि पूर्ण इंजिनकामाचा खर्च धरूनच किंमत बोलावी. शंका असेल तर डिझेलसाठीचा कम्प्रेशन गेज असलेला मिस्त्री सोबत न्यावा. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे सर्वांत महत्त्वाचे.

पीयूसी करून मागा, फक्त कागद मागू नका. बीएस ४ या प्रदूषण मानकापूर्वीच्या डिझेल वाहनाला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे, आणि नीट पंप असलेली जुनी गाडी ती पाळू शकते.

७. ओझे घालून, चढावर आणि उन्हात चालवा

रिकामी गाडी गावातल्या रस्त्यावर फिरवून काहीच कळत नाही. शक्य असेल तर हौद्यात काही पोती टाका आणि चढ गाठा. बीडकडच्या माणसाला मांजरसुंब्याचा घाट आहे, इतरांना बालाघाटाच्या रांगेतला कोणताही चढ चालेल. एप्रिल-मेच्या दुपारी चढ चढून आल्यावर तापमानाचा काटा कुठे थांबतो, यावरून रेडिएटर, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) आणि हेड यांची खरी स्थिती कळते. हिवाळ्यात घेतलेली आणि उन्हाळ्यात तापणारी गाडी हा आपल्याकडचा फार जुना अनुभव आहे.

उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडा. गिअर आपोआप बाहेर पडला तर गिअर बॉक्स उघडावा लागेल. मागून घूं असा आवाज वेगाबरोबर वाढत असेल तर मागच्या आसातले क्राउन-पिनियन गिअर झिजले आहेत. सपाट मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारून गाडी एका बाजूला ओढते का ते पाहा, आणि स्टीअरिंग मोकळे किती फिरते तेही पाहा. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवले की किंगपिन आणि बेअरिंगची झीज हाताला जाणवते. शेवटी इंजिन गरम असताना ऑईल प्रेशर पाहा आणि बंद करण्याची दोरी ओढून इंजिन एका ओढीत थांबते का ते पाहा.

८. सौदा कागदावर आणा

विसार थोडा द्या, आणि विसार पावतीत बोजा उतरवणे, थकीत कर, पर्यावरण कर, ई-चलान आणि पासिंग यांपैकी काय कोण करणार, हे स्पष्ट लिहून घ्या. पासिंग संपून बराच काळ झालेला असेल तर मागची देणी मोठी निघतात, म्हणून परिवहन पोर्टलवर रक्कम पाहिल्याशिवाय "बघून घेऊ" म्हणू नका. विक्री करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करून दोन साक्षीदार घ्या. मुख्य रक्कम बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि पुढे वाद झाल्यास बँकेची नोंद हाच तुमचा पुरावा असतो.

ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, म्हणजे त्या दिवशीचा अपघात किंवा दंड कोणाच्या काळातला हे ठरते. कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या घेऊन गाडी तशीच वापरत राहण्याची पद्धत सोडून द्या. नाव बदलले नसेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीवरच्या मालकावर राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. हे विकणाऱ्याला समजावून सांगितले की तोही सह्यांसाठी तत्परतेने येतो.

९. गाडी आपल्या नावावर करा

राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. अर्ज परिवहन पोर्टलवर भरता येतो. साधारणपणे पुढील कागद लागतात:

- मूळ आरसी बुक किंवा स्मार्ट कार्ड
- नमुना २९ दोन प्रतींत आणि नमुना ३०, दोघांच्या सह्यांसह
- बोजा असल्यास नमुना ३५ आणि बँकेचे किंवा अवसायकाचे पत्र
- चालू विमा, पीयूसी आणि मालवाहू असल्यास योग्यता प्रमाणपत्र
- कर व पर्यावरण कर भरल्याच्या पावत्या
- दोघांचे आधार, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा आणि पॅन, पॅन नसल्यास नमुना ६०
- चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा आणि घेणाऱ्याचे फोटो

दोघांच्याही आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला असावा, कारण सांकेतिक क्रमांक (ओटीपी) त्यावरच येतो. खेड्यातल्या वयस्क विकणाऱ्याचा नंबर बहुधा जुना किंवा बंद असतो. त्याला आधी आधार केंद्रावर नेऊन नंबर बदलून घेतल्यास पुढचा खोळंबा टळतो. एजंट घेतला तरी शासकीय शुल्काची पावती वेगळी मागा आणि मूळ आरसी पोच घेतल्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नका.

विम्याच्या कंपनीलाही ताब्यापासून १४ दिवसांत कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक आहे. ती बसलेली नसेल तर नाव बदलण्याच्या अर्जाआधीच बसवून घ्या. जुन्या मालकाचा फास्टॅग असेल तर तो त्याच्याकडून बंद करून आपला नवीन घ्या.

१०. रस्त्यावर काढण्याआधीची कामे

खरेदीच्या किमतीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी रक्कम पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी, असा माझा सल्ला आहे. पहिला खर्च ब्रेकवर करा: चारही व्हील सिलिंडरचे रबर, मास्टर सिलिंडर, नळ्या आणि नवे ब्रेक ऑईल. त्यानंतर इंजिन, गिअर बॉक्स आणि डिफरन्शियल यांचे ऑईल, फॅन बेल्ट, रेडिएटरचे होज पाइप आणि टायरवरची उत्पादनाची तारीख पाहून गरज असेल तर टायर. डिझेलची टाकी उतरवून धुवा. वर्षानुवर्षांचा गाळ तळाशी बसलेला असतो आणि गाडी खडबडीत रस्त्यावर हलली की तो फिल्टरमध्ये येऊन पंपापर्यंत जातो. टाकी धुतल्यावर फिल्टर नवा टाका आणि सुरुवातीच्या काळात तो नेहमीपेक्षा लवकर बदला. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी न भरता कूलंट आणि शुद्ध पाणी यांचे मिश्रण भरा, आणि एक जादा फॅन बेल्ट, एक होज पाइप व डिझेल फिल्टर सीटखाली कायम ठेवा.